सुंठीची प्रदक्षिणा

सुंठीच्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं, ते मी घरी येऊन दत्तमहाराजांना जसंच्या तसं ऐकवलं आणि वर विचारलं, की आता तुम्हीच बोला. माझं देवाशी बोलणं असंच असतं. लहानपणापासूनची ओळख, त्यामुळे आडपडदा नाही. सुंठी म्हणजे आमची मांजर. रंग सुंठीच्या पुडीसारखा, म्हणून सुंठी. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात ती एवढीशी असताना सापडली. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे हिने घरात पाऊल टाकलं आणि थेट मालकीणच झाली. पुढे वय झाल्यावर तिची मूत्रपिंडं बिघडली. हा आजार बरा होत नाही, तो नुसता सांभाळायचा असतो. दिवसाआड तिच्या कातडीखाली सलाइन द्यावं लागतं. मी मान धरायची, आमच्या ह्यांनी सुई टोचायची आणि सुंठीने आम्हा दोघांचा उद्धार करायचा, अशी कामाची वाटणी ठरलेली. त्यात तिचा डावा कान. पिल्लू असल्यापासून तो कधी धड नव्हता. खाज, तपकिरी घाण, नकोसा वास. औषधाचे थेंब घातले की थोडे दिवस बरं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यंदा उन्हाळा सरता सरता तिने खाणं टाकलं. तोंडापुढे काहीही धरा, वास घ्यायची आणि मान फिरवायची. उलट्या होऊ लागल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मूत्रपिंडं थकत चालली आहेत म्हणाले, आणि फार हळू आवाजात, आता तिची ओढाताण करू नका असं सांगितलं. मला कळायचं ते कळलं. रिक्षात मी पिशवीत हात घालून तिची पाठ चोळत होते आणि रडत होते, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. घरी आल्यावर मी कानाचे थेंब बंद केले. बाटली हातात घेतली की ती पलंगाखाली पळायची, आणि शेवटच्या दिवसांत तिने मला भ्यावं हे मला सहन होईना. मी म्हटलं, झालं एवढं पुरे, आता देवावर सोडलं. ह्यांनी सलाइन मात्र चालू ठेवलं. हे देवाला हात जोडत नाहीत. देव असेल तर त्याला माझी गरज नाही आणि नसेल तर मला त्याची नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लग्न झाल्यापासून ऐकतेय, तेव्हा आता मीही वाद घालत नाही.

इमारतीच्या मागच्या फरसबंद चौकात आमचं सगळ्यांचं मिळून एक तुळशीवृंदावन आहे, त्याच्या कोनाड्यात दत्ताची लहानशी तसबीर. सकाळी कोवळ्या उन्हात बसवायला म्हणून मी सुंठीला तिथे नेत असे. एके दिवशी खाली ठेवल्याबरोबर ती उठली आणि वृंदावनाभोवती चालायला लागली. मान थोडी कललेली, पाय जरासे अडखळणारे, पण एक फेरी झाली, दुसरी झाली, थांबेच ना. तळमजल्यावरच्या लेलेकाकू तुळशीला पाणी घालायला आल्या होत्या. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "अगंबाई, प्रदक्षिणा घालतेय हो ही!" त्या म्हणाल्या, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कललेली मान मला नम्रतेची वाटली. मुकं जनावर, जायची वेळ आलेली, आणि महाराजांभोवती फेऱ्या घालतंय. ह्याहून मोठी खूण ती कोणती?

मग काय विचारता. बातमी आधी इमारतभर आणि मग गल्लीभर झाली. लोक सकाळी फुलं घेऊन यायला लागले. कुणी सुंठीच्या कपाळावर कुंकू लावलं, कुणी पेढा ठेवला, आणि मोबाइलवर तिचे व्हिडिओ निघाले. मांजरीच्या पाया पडताना मी प्रत्यक्ष माणसं पाहिली. मलाही आतून भरून येत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता, की आमच्या घरचं मांजर आहे हे. ह्यांनी गॅलरीतून हा सोहळा पाहिला आणि एवढंच म्हणाले, की मांजरीला मोक्ष मिळतोय तोवर मला चहा मिळेल का. पण संध्याकाळी ते तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिची हनुवटी खाजवत राहिले.

रविवार होता. चौकात पाचपंचवीस माणसं होती. तेवढ्यात तिशीतला एक मुलगा फाटकातून आत आला आणि कुठल्याशा इमारतीचा पत्ता विचारायला लागला. ती इमारत आमच्या गल्लीत नव्हतीच, पलीकडच्या गल्लीत होती. लेलेकाकूंनी आमच्या पद्धतीप्रमाणे, बाहेर पाटी लावलीय ती वाचण्यासाठीच आहे, असं सांगून त्याची वासलात लावली. पण तो गेला नाही. सुंठीकडे बघत उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन अगदी अदबीने, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "काकू, ही उलटी फिरून राहिली ना?"

मला आधी काही समजलंच नाही. त्याने हाताने दाखवलं. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. आम्ही बौद्ध, तो म्हणाला, पण स्तूपाला फेरी घालताना आमचाही उजवा हातच आत असतो. सुंठीची डावी बाजू तुळशीकडे होती. आल्या दिवसापासून तशीच होती. इतक्या भाविकांनी पाहिलं, मी पाहिलं, आणि मी तर सगळा जन्म शाळेत भूगोल शिकवलेली बाई! पृथ्वी कुठून कुठे फिरते ते शेकडो मुलांकडून घोकून घेतलं, आणि माझं मांजर कुठे फिरतंय ते मला दिसू नये? मी बघत असतानाच ती डावीकडे लटपटली आणि पडली. उठली, आणि पुन्हा डावीकडेच वळली. तिला दुसरीकडे वळताच येत नव्हतं.

"माझ्या कुत्र्याचा कान आतून सडला होता, तेव्हा तो असाच एका बाजूला फिरायचा," तो म्हणाला. बस्स, एवढंच. मी पुढे झाले आणि सुंठीला उचललं. लेलेकाकू कळवळून म्हणाल्या, अहो, मध्येच उचलू नका, देवाचं करतेय ती. माझा पारा चढला. "देवाचं ती करतेय, पण तिचं कोण करणार?" मी म्हटलं, आणि कुंकवाने भरलेलं ते कपाळ पदराने पुसून टाकलं.

आमचे डॉक्टर रविवारी बंद, त्यातून गावाला गेलेले. त्या मुलाने सांगितलं की हडपसरला तो राहतो तिथे प्राण्यांचा एक दवाखाना रविवारीही उघडा असतो, त्याच्या कुत्र्याचं तिथेच झालं. गाडी नदीकाठी लावलीय, चला. असं कुणी अनोळखी माणसाने म्हटलं तर एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकही सुचला नाही. हे घरातल्या चपला घालूनच निघाले. वाटेत कळलं ते एवढंच, की तो नागपूरकडचा, नोकरीसाठी आलेला, आणि धाकट्या भावाला शिकायला खोली बघायची म्हणून पेठेत आला होता. पेठेतल्या गल्ल्यांनी त्याला चकवलं होतं. हडपसरच्या रहदारीत गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती, आणि माझ्या मांडीवर सुंठी डोळे मिटून पडली होती. डोळे मिटले तरी तिची मान डावीकडेच कलत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी कानात दुर्बीण घालून पाहिलं, रक्त पुन्हा तपासून ह्यांच्या मोबाइलमधल्या जुन्या रिपोर्टशी ताडून बघितलं. मूत्रपिंडं वाईट आहेत, पण होती त्याहून फारशी बिघडलेली नाहीत, त्या म्हणाल्या. तिचं खाणं गेलंय ते ह्या कानामुळे. आत खोलवर काहीतरी वाढलंय, त्याच्या मागे पू साठलाय आणि त्याने तिचा तोल गेलाय. सतत गरगरत असताना कोण जेवेल? ते काढायचं तर भूल द्यावी लागणार. आणि अशा मूत्रपिंडांवर भूल दिल्यावर ती परत जागी होईल ह्याची खात्री मी देणार नाही. नाही काढलं तर मात्र ती अशीच उपाशी जाईल, हे खात्रीने सांगते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू म्हणशील तसं, म्हणाले. सुंठीने माझ्या बोटाला नाक लावलं. मी म्हटलं, काढा.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी जप करू पाहिला, पण शब्द येईनात. जन्मभराचं पाठांतर, आणि ऐन वेळी सगळं फुकट. तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. कानाचे थेंब बंद करताना मी देवावर सोडलं म्हणाले होते, पण ते समर्पण नव्हतं. मी दमले होते. हरले होते, आणि त्या हरण्याला मी देवाचं नाव दिलं होतं. महाराजांनी माझा हात धरून काही करायला लावावं तर मीच हात बांधून बसलेले. मग त्यांनी काय करावं? मला कळेल अशाच भाषेत त्यांनी सांगितलं, रोज सकाळी, माझ्या डोळ्यांपुढे, तुळशीभोवती उलटं फिरवून सांगितलं. आणि तरीही मला दिसेना, तेव्हा पत्ता चुकवून एक माणूस पाठवला. हे असंच घडलं असं मी कुणाला पटवायला जाणार नाही. मला त्या बाकावर तसं वाटलं, आणि मन एकदम हलकं झालं. मी मनात म्हटलं, हिला दारापर्यंत आणायचं माझं काम होतं, ते मी केलं. आत तुम्ही आहात. ती राहिली तरी तुमची, गेली तरी तुमची. पण राहू दे हो.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या वाटीत शेंगदाण्याएवढा मांसाचा एक गोळा होता. हा इतकी वर्षं आत बसला होता, त्या म्हणाल्या, थेंब त्याच्या मागे पोचणार कसे? आणि सुंठी? त्या हसल्या आणि बाजूला झाल्या. आतून आवाज आला, घोगरा, संतापलेला, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा. मी तिथेच मोठमोठ्याने रडायला लागले, आणि आमचे हे, ज्यांना देवाची गरज नाही, ते भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. थोड्या वेळाने मी त्या मुलाचे आभार मानायला बाहेर आले तर तो निघून गेला होता. नाव आम्ही विचारलंच नव्हतं. ह्यांना अजून त्याची चुटपुट लागून आहे. पलीकडच्या गल्लीत दोनदा जाऊन चौकशी करून आले, पण कुणाला काही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा खाल्ला. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात त्या तुकड्याला नैवेद्याहून जास्त मान मिळाला. मग दोन तुकडे, मग वाटीभर. मान हळूहळू सरळ होत गेली. आणि एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना ती दारातून आली, नाकासमोर सरळ चालत आली, ओट्यावर एका झेपेत चढली आणि दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं. मी ओरडले, आणि हे टाळ्या वाजवत सुटले. गुरुवारी तिला चौकात नेलं तेव्हा लोक फुलं घेऊन थांबलेले. सुंठी ताठ मानेने तुळशीवरून पुढे गेली आणि उन्हात बसून पाय चाटू लागली. लेलेकाकू खट्टू होऊन म्हणाल्या, भक्ती कमी झाली वाटतं हिची. मी म्हटलं, नाही काकू, कान बरा झाला.

तिचा मूळ आजार आहे तिथेच आहे. सलाइन चालू आहे, आणि एक दिवस ती जाणार आहे हे मला ठाऊक आहे. तो दिवस कोणता, ह्याची चिंता आता मी करत नाही. रोज सकाळी मी तिला मांडीवर घेते, कान पुसते, थेंब घालते, कानामागे हलकेच चोळते. ती मान झटकते आणि निम्मं औषध माझ्या तोंडावर उडवते. मग मी तिला सोडते, देवाकडे बघते आणि म्हणते, माझं आजचं झालं, आता तुमचं चालू द्या.