शेजारच्याचा पाय

टेस्ट ड्राइव्हमध्ये घाटाचं पहिलं वळण घेतलं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याचा उजवा पाय मॅटवर करकचून दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. तो पाय माझ्या चांगल्या ओळखीचा होता. इतकी वर्षं डावीकडे बसून मीही तस्साच दाबत आले आहे.

"दोनच दारं! मागे बसणार कोण?" तो म्हणाला. मागे शोरूमचा माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"कुणीच नाही. म्हणूनच घ्यायची आहे."

आजवरची प्रत्येक गाडी आम्ही मागच्या सीटकडे बघून घेतली. तिथे सासूबाई आरामात बसल्या पाहिजेत, मुलांची दप्तरं, तांदळाचं पोतं मावलं पाहिजे. सगळ्या गाड्या कामाच्या होत्या. मनात भरलेली एकही नव्हती. ही महाग आहे, पण माझ्या कमाईची आहे.

पुढच्या वळणावर मी वेग वाढवला. गाडी रस्ता धरून राहिली, तसूभरही ढळली नाही.

"अगं, हळू!"

"तू दाबतोयस ना ब्रेक? मग झालं."

माथ्यावर पोचल्यावर त्याने पाय सैल केला. "घे बाई. पण उतरताना मी चालवतो."

"नाही," म्हटलं आणि गाडी वळवली.