पितळी बिल्ला

खाणीच्या ऑफिसात आजवरच्या मॅनेजरांची नावं सोनेरी रंगात लिहिलेला फलक आहे. काल पेंटर त्यावर नवं नाव रंगवत होता. तीस वर्षं कोळसा फोडलेले माझे काका माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, "याच्या बापाचंही लिही ना गा. इथंच दबून मेला तो."

पेंटर हसला. "कामगारांचा फलक तिकडे आहे, काका."

तिकडे खिळ्यांना नंबरांचे पितळी बिल्ले टांगलेले होते. खाली उतरताना बिल्ला न्यायचा, वर आल्यावर परत टांगायचा. माणूस मेला की त्याचा नंबर दुसऱ्याला मिळतो. आणि साहेब लोक तो सोनेरी फलक दाखवून पाहुण्यांना खाणीचा इतिहास सांगणार! कोळसा काय फलकानं काढला?

काका बाबांचा बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसत होते. मागून एक कामगार अवघडून म्हणाला, "काका, द्या. माझी शिफ्ट सुरू झाली."