किरनापुरात अडकलेली कॅसेट

गोंदियाला छोट्या लाइनच्या (अरुंद रुळांच्या) गाडीत बसलो आणि माझा धीर सुटला. गाडी दर स्टेशनावर पाय पसरून बसत होती, आणि मला रविवारपर्यंत एक कॅसेट परत न्यायची होती. आज शनिवार होता.

कॅसेट माझी नव्हती. नागपूरच्या माझ्या मित्राची, सुनीलची होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका रॅप गटाच्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम त्याच्या थोरल्या भावाने तिथून भरून पाठवला होता, आतल्या कागदावर नावं स्वतःच्या अक्षरात लिहून. पुढे दोघांचं बिनसलं, पत्रं थांबली. सुनील आता भावाला ‘तो अमेरिकेतला’ एवढंच म्हणायचा. पण कॅसेट मात्र जिवापाड जपायचा. तीच मी दिवाळीत बालाघाटला मामाकडे विसरून आलो.

‘‘रविवारी आणली नाही, तर माझ्या दारात येऊ नको,’’ असं त्याने बजावलं होतं.

वैनगंगेचा पूल ओलांडला. एरवी मी खिडकीला चिकटतो, त्या दिवशी घड्याळच पाहत होतो. बालाघाट स्टेशनवर मामेभाऊ विजू मान खाली घालून उभा.

‘‘दादा, कॅसेट किरनापूरले गेली. बँडवाल्या शेषरावकाकाले देल्ली.’’

‘‘काहून (का)?’’

‘‘लगनसराईले नवी धुन पायजे होती ना त्याहिले.’’

मामीने चिन्नोरचा (इथला सुवासिक तांदूळ) भात आणि भेदऱ्याची (टोमॅटोची) चटणी वाढली. मी उभ्यानेच घास घेऊ लागलो.

‘‘बस तं खरा! भात पळून नाही जाऊन राह्यला,’’ मामी ओरडली.

किरनापूरच्या वाटेवर जीप पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत मी रस्त्यावर येरझारा घालत होतो.

शेषराव बँडमास्तर रुमालात गुंडाळलेली कॅसेट घेऊन बाहेर आले. ‘‘रागावू नका भाऊ. ते लोक बोलतेच लय, पर मंधात (मध्ये) बाजा मस्त वाजते. तेवढी धुन बसवाले मांगं-पुढं, मांगं-पुढं केली, तं फीत टेपात गुतली. चुरगाळली तेवढी कापा लागली. सुनेच्या नेलपॉलिशनं जोडली.’’

नेमका बाजाचाच तुकडा गेला होता.

‘‘दुसऱ्याची वस्तू होती ती!’’ मी ओरडलो. भर दुपारी सगळी आळी दारात आली.

शेषरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘हौ, चुकलो. पर धुन फितीतून गेली, आमच्या बोटातून नाही गेली.’’

त्यांनी हाक मारून माणसं जमवली. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, दोन ढोल. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी थोडी फीत कोरी होती, त्यावर धुन भरली. वाजवलं झकास, त्यामुळे मला आणखीच राग आला.

रविवारी सकाळी सुनीलकडे गेलो. जोडापाशी गाणं उडी मारून पुढे गेलं, तसा त्याने टेप थांबवला. मी सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. मी कॅसेट उलटून लावली. शेषरावांचा ‘‘एक, दोन, हौ!’’ आणि पाठोपाठ ढोल.

त्याने ते तीनदा ऐकलं. मी दाराजवळच्या चपला शोधू लागलो. एवढ्यात त्याने कपाटातून कोरी कॅसेट काढून माझ्यापुढे धरली.

‘‘यावर उतरवून दे.’’

‘‘कोणासाठी?’’

‘‘दादाले पाठवतो,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्या गाण्यावर इकडे वराती निघून राह्यल्या, हे त्याले कळाले नको?’’