माझ्या गालाचं औषध

पोस्टरवरचा आलेख पाहून विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "इतकं चांगलं औषध आपल्या हातून सापडणार नाही. काहीतरी चुकलंय."

२००६ साल. मी गोंदियातल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवत होतो. कोकणातून मागवलेल्या समुद्री शेवाळाचा अर्क आम्ही तपासत होतो. घशाला, फुफ्फुसाला संसर्ग करणारे जीवाणू आधी तिथल्या पेशींना चिकटतात. त्यांना मारायचं नाही, चिकटूच द्यायचं नाही, एवढीच कल्पना. घशातल्या पेशी कोण देणार? म्हणून गालाच्या आतल्या खरवडून घ्यायच्या. जीवाणूंबरोबर नळीत ठेवायच्या, मग चिकटलेले जीवाणू मायक्रोस्कोपखाली मोजायचे. एका नळीत अर्क, दुसरीत नाही. ही बिनअर्काची नळी म्हणजे कंट्रोल.

अर्काच्या नळीतल्या पेशी जवळपास स्वच्छ निघाल्या. गोव्याच्या परिषदेत पोस्टर निवडलं गेलं. ते मांडणार होती माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी शीतल, गोंदियाजवळच्या सालेकशाची. तिने समुद्र पाहिला नव्हता. त्याचं वाळलेलं शेवाळ तेवढं वर्षभर कुटलं होतं.

"कंट्रोल कोणाच्या गालाचा?" मॅडमनी विचारलं.

"शीतलचा."

"आणि अर्कवाला?"

"माझा. तिचाच गाल किती खरवडायचा?"

"सर, तोंड उघडा."

उघडलं. जेवणानंतरचा खर्रा अजून गालातच होता. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ आमच्याकडे सभ्य माणसंही खातात, असं मी समजत होतो.

"या गालाला जीवाणू काय, पोस्टाचं तिकीटही चिकटणार नाही," मॅडम म्हणाल्या.

पोस्टरशेजारी उभ्या शीतलचा चेहरा उतरला. "मंग माह्या गोव्याचं काय, सर? घरी माय बॅग भरून राहिली."

प्रयोग पुन्हा केला. आधी माझ्या पेशी, अर्काशिवाय. जीवाणू तरीही चिकटले नाहीत. खर्र्यातल्या चुन्याने पेशी इतक्या भाजलेल्या होत्या की जीवाणूंना धरायला जागाच नव्हती. मग दोन्ही नळ्यांत शीतलच्या पेशी घातल्या. अर्काने काम केलं, पण थोडं. आलेखातला उंच फरक बोटभर उरला.

"पोस्टर मागे घेऊ या का?" मी विचारलं.

"कायले?" मॅडम इथल्याच. "लहान आहे, पण खरं आहे. जाऊ द्या पोरीला."

गोव्यात एका परीक्षकाने शीतलला विचारलं, निवडीच्या वेळी पाठवलेला फरक एवढा मोठा कसा होता? ती म्हणाली, "तो शेवाळाचा नव्हता, सरांच्या खर्र्याचा होता."

हे तिने परतल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून कंट्रोल म्हणजे काय हे शिकवताना मला उदाहरण शोधावं लागत नाही. मुलं माझ्या गालाकडे बघतात.