वटवट्याच्या अंड्याचा निळा

शेजारच्या भाभींकडे फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. तारोडी गावातल्या एका दुकानातून कुणी बाई बोलत होती. "बाय, तुमचा मानूस बांधावर पडलाय. डोक्याला दगड लागलाय. बोलत न्हाय." मी बावळटासारखं विचारलं, छत्री होती का हातात? त्याला आता सात आठवडे झाले...

माझे यजमान रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचे. गिऱ्हाइकानं पडद्याचा तुकडा आणला की तसाच्या तसा रंग कालवून द्यायचा, हीच नोकरी. गिरगावातून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा बिल्डिंगमागे नुसतं गवत, झुडपं आणि त्यात वटवटे. चिमणीहून लहान, शेपटी वर, दिवसभर बडबड. "तुझाच भाऊ," हे म्हणायचे. पण ह्यांना वेड लागलं ते त्या पाखराच्या अंड्यांचं. एका मादीची आकाशी, दुसरीची हिरवट, तिसरीची पांढुरकी. वर तपकिरी रेघोट्या, त्याही प्रत्येकीच्या निराळ्या. का, तर कोकिळेच्या कुळातली एक मादी चोरून आपलं अंडं वटवट्याच्या घरट्यात घालते, तेही हुबेहूब. ज्या वटवट्याच्या मादीची अंडी वेगळी दिसतात तिलाच परकं अंडं ओळखू येतं, तिचीच पिल्लं जगतात. मग चोरटी नवा रंग उचलते, वटवट्यांचे रंग आणखी पांगतात. "हजारो वर्षं शेड जुळवणं चाललंय बघ," हे म्हणायचे. मी म्हणायचे, आधी आपल्या भिंतींचे पोपडे बघा.

दर पावसाळ्यात हे मेणाचं एक अंडं करायचे, घरट्यातल्या अंड्यांसारखं रंगवायचे आणि हळूच त्यांच्यात ठेवून यायचे. मादी त्यावर बसली की स्वारी खूश, संध्याकाळी काढून आणायचे. वर्षानुवर्षं ती फसत आली. मग मागच्या जागेत भराव पडला, टॉवर उठले, आणि हे घरटी शोधत पार तारोडीपर्यंत जायला लागले. या पावसाळ्यात तिथल्या मादीनं ह्यांचं अंडं चोचीनं टोचून बाहेर फेकलं. एकदा नव्हे, दोनदा.

त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात आले. एका तळव्यावर घरट्याखाली सापडलेली खऱ्या अंड्याची कवची, दुसऱ्यावर मेणाचं अंडं. "अगं, जरा बघतेस? निळा तोच आहे ना?" माझं दूध उतू जात होतं. मी पातेल्याकडे बघतच म्हटलं, "तोच आहे हो. काय सारखं तेच तेच."

मी बघितलंच नव्हतं.

हे "बरं" म्हणाले आणि गेले. पुढच्याच आठवड्यात त्याच रंगाचं दुसरं अंडं करून पुन्हा तारोडी, आणि तिथल्या बांधावर पडले ते उठलेच नाहीत. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नंतर मला विचारलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? साधं ऑपरेशन असतं म्हणाले. तेरावं झाल्यावर मी ह्यांची वही उघडली. शेवटच्या पानावर ह्यांचं नेटकं अक्षर: "ही म्हणते, निळा तोच आहे. म्हणजे माझे डोळे ठीक आहेत. पाखराचंच काहीतरी चुकलं." कवची आणि अंडं वहीशेजारीच डबीत होती. कवची आकाशी, अंडं चक्क पोपटी. लांबून कळत होतं. आयुष्यभर दुसऱ्याचे रंग जुळवलेल्या माणसानं पाखरावर अविश्वास दाखवला आणि माझ्यावर विश्वास ठेवला. मी काय करू आता? कुणाची माफी मागू?

परवा सून मला नया नगरच्या मॅचिंगच्या दुकानात घेऊन गेली. "आई, हा जुळतोय?" मी दोन्ही तुकडे घेतले आणि सरळ बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. दुकानदार आतून म्हणाला, "चाचीजी, एकदम सेम है." मी कपडा उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. सून कंटाळली. "आई, नुसतं अस्तर आहे हो. आत जाणार, कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"असू दे गं," म्हटलं. "मला नीट बघू दे."