दोन कुलुपांच्या काकू

“किल्ली कोणापाशी?” काहीही दाखवा, काकूंचा पहिला प्रश्न हाच. मग ती नवी मोटार असो, नाहीतर कोणाचा नवा जावई.

वारंगा फाट्याजवळ त्यांची हळदीची वखार. दाराला दोन कुलुपं. एकाची किल्ली काकूंच्या कमरेला, दुसऱ्याची शेतकऱ्यांच्या वतीने तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, त्यांच्याकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडत नसे. एकाने कुलूप काढताना दुसऱ्याने पाठ फिरवायची, असाही तिथला रिवाज. का, ते दोघांनाही सांगता यायचं नाही.

मी तिथला कॉम्प्युटरवाला. कोणाची हळद कोणत्या थप्पीत, ते सगळं क्लाउडवर ठेवायचं होतं. मी ऐटीत समजावलं, “पब्लिक क्लाउड म्हणजे मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्याची जागा. तिथं आपल्यासारखे ढीगभर भाडेकरू. प्रायव्हेट म्हणजे यंत्रं फक्त आपली, आपल्याच जागेत.”

“किल्ली कोणापाशी?”

“पब्लिकमध्ये पासवर्ड आपला, पण इमारत त्यांची.”

“मंग आपलंच बसवा. लोकाच्या वखारीत आपला माल काहून टाकावा?”

काकू, शेतकरी तुमच्याकडे हेच तर करतात, असं मी म्हणायला हवं होतं. पण स्वतःच्या हाताने सर्व्हर बसवायची हौस मला भारी. तुमच्या ओळखीतही असा एखादा हुशार असेलच.

जागा मीच निवडली. जाड भिंतींची, थंडगार खोली. एसी लागणार नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. भिंतीपलीकडे हळद पॉलिश करायचा ड्रम आहे, हे मला हंगामात कळलं. तोवर सर्व्हर आतून-बाहेरून पिवळा होऊन बंद पडला होता. बॅकअप होता, पण शेजारच्याच यंत्रात. तेही पिवळं.

“नवरदेवाला हळद लागली. लाजून राहिला,” नाईक म्हणाले.

नेमका तेव्हाच भाव चढला. विकायला निघालेले शेतकरी दाराशी जमले. “आमची पोती दाखवा. न्हाईतर पुन्हा हितं माल ठेवणार न्हाई.” ज्याचा माल त्यालाच परत मिळणार, या एका भरवशावर काकूंची वखार उभी होती. मी यंत्रात तोंड लपवलं आणि शिंकत राहिलो.

काकू आणि नाईकांनी दोन्ही कुलुपं काढली. “आपापली शिवण वळखा,” काकू म्हणाल्या.

पोत्याचं तोंड सुतळीने शिवायची ज्याची त्याची पद्धत असते. संध्याकाळपर्यंत माणसं शिवणींवरून हात फिरवत हिंडली. एकही पोतं चुकीच्या घरी गेलं नाही. पुन्हा न येण्याची भाषाही कोणी काढली नाही.

मग पब्लिक क्लाउड घेतलं. काकूंनी पासवर्डचे दोन तुकडे करायला लावले. एक नाईकांचा, एक त्यांचा. आणि एक दिवस त्यांचा तुकडा त्यांनी मला सांगितला. “माझ्या माघारी लागंल.”

“लेकाला सांगा की, काकू.”

“लेक अजून चुकला न्हाई. तुमी चुकलात. आता जपून ऱ्हाताल. बराबर?”

यंदा हंगामाच्या तोंडावर काकू गेल्या. माल येऊ लागला तेव्हा नाईक आणि मी वखारीत बसलो. काकूंची खुर्ची दोघांनीही रिकामी ठेवली, स्टूल ओढलं. नाईकांनी एका बोटाने आपला तुकडा टाकला. मी पाठ फिरवली. मग मी बसलो, तर नाईक न सांगता भिंतीकडे तोंड करून उभे.

पडद्यावर थप्प्या उघडल्या.

“उघडलं?” नाईकांनी भिंतीलाच विचारलं.

“व्हय.”

तरी ते लगेच वळले नाहीत. मीही वळा म्हणालो नाही.