करमाडच्या हातानं उपसलेलं पाणी

शहागंजच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला कोकणातली ती होडी आठवते. होडी नवऱ्याच्या मित्राची, दामूची. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाताना वारा सुटला, लाटा आत येऊ लागल्या आणि समोरून मालवाहू जहाज आलं. दामूच्या हातात सुकाणू, नवरा ओकत होता. उरले मी.

"वहिनी, पाणी उपसा, नायतर बुडू!"

मी करमाडची, कोरड्या मराठवाड्यातली. आमच्याकडं भांडी धुतलेलं पाणीही झाडाला घालतात. मी डबा भरून अलगद ओतू लागले.

"ओतताय काय? फेका!"

मग फेकत सुटले. जहाज बाजूनं गेलं, त्याची लाट आत आली, तीही फेकली.

"दामूनं वाचवलं," नवरा किनाऱ्यावर म्हणाला. तेव्हा मी मान डोलावली. आज डोलावणार नाही. दामूनं जहाज चुकवलं. होडी तरंगती मी ठेवली.